गर्भातील मनाईहुकूम

फलित होण्यापूर्वीच्या बेडकाच्या अंड्याला वर आणि खाली एवढ्या दोनच बाजू असतात. वरचा अर्धा भाग गडद रंगाचा, तर खालचा अर्धा पीतकाने, म्हणजे बलकाने, जड झालेला आणि फिकट असतो. या दोन टोकांमधला फरक सोडला, तर ते अंडे कोणत्याही बाजूने पाहिले तरी सारखेच दिसते. त्याला पाठ नसते, पोट नसते, डावे-उजवे तर नसतेच. तरीही काही दिवसांत त्याच गोळ्यातून डोके, शेपूट, पाठ आणि पोट यांची जागा अचूक ठरलेला जीव बाहेर पडतो, आणि त्याच्या आतड्यांचे वेटोळेसुद्धा ठरावीक दिशेनेच वळलेले असते.

हे कसे घडते, या प्रश्नाला ‘जनुकांमध्ये शरीराचा आराखडा असतो’ हे उत्तर मला बरीच वर्षे पुरेसे वाटत होते. पाठीची जनुके पाठ घडवतात, डोक्याची जनुके डोके घडवतात, अशी माझी ढोबळ समजूत होती. मात्र गेल्या काही महिन्यांत या विषयावर सवडीने वाचन करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली आणि तिने ती समजूत मोडली. पृष्ठवंशी प्राण्यांच्या गर्भात अक्ष, म्हणजे पाठ-पोट, डोके-शेपूट आणि डावे-उजवे या दिशा, ठरवणारी जी जनुके सर्वांत प्रसिद्ध आहेत, त्यांपैकी अनेकांचे काम काही घडवण्याचे नसून काहीतरी घडू न देण्याचे आहे. ती आज्ञा कमी देतात आणि मनाई जास्त करतात.

सुरुवात मात्र जनुकांपासून होत नाही. बेडकाच्या अंड्यात शुक्रपेशी वरच्या अर्ध्या भागात कोठेही शिरू शकते, आणि ती जेथून शिरते त्याच्या साधारण समोरच्या बाजूला पुढे पाठ तयार होते. शुक्रपेशीने सोबत आणलेल्या तारककेंद्र या सूक्ष्म घटकाच्या आधाराने अंड्यात सूक्ष्मनलिकांची, म्हणजे पेशीतील बारीक नळ्यांची, समांतर मांडणी होते आणि पेशीचे पहिले विभाजन होण्याआधीच अंड्याचा बाहेरचा पातळ थर आतल्या जड द्रव्यावरून सुमारे ३० अंशांनी सरकतो. एवढ्या सरकण्याने खालच्या टोकाला साठवलेले काही घटक एका बाजूला वर येतात, आणि ती बाजू पाठीची ठरते. खालच्या टोकाला अतिनील किरण देऊन सूक्ष्मनलिका बनू दिल्या नाहीत, तर थर सरकत नाही आणि जो गर्भ वाढतो त्याला डोके, पृष्ठरज्जू (गर्भाच्या पाठीतला आधारदंड, नोटोकॉर्ड), चेतासंस्था यांपैकी काहीच नसते. तो केवळ पोटाच्या ऊतींचा गोळा असतो. आश्चर्य असे की, किरण दिलेले तेच अंडे योग्य वेळी नुसते आडवे कलते करून ठेवले, तर आतले जड द्रव्य गुरुत्वाकर्षणाने घसरते आणि गर्भाला पुन्हा पाठ आणि डोके मिळते. जनुकांत काडीचाही बदल न करता केवळ अंडे कलते ठेवल्याने पाठ परत येते, हे वाचल्यावर ‘आराखडा’ हा शब्द वापरताना मी थोडा सावध झालो. कोंबडीच्या बाबतीतही असेच काहीसे घडते. कवच बनण्याच्या काळात अंडे मादीच्या शरीरात फिरत असते, त्यामुळे गर्भाची चकती तिरकी राहते आणि तिची वरची कड पुढे शेपटाकडची बाजू ठरते.

या सरकण्याची खबर जनुकांपर्यंत नेणारे प्रथिन म्हणजे बीटा-कॅटेनिन. ते अंड्यात सगळीकडे बनत असते, पण बहुतेक ठिकाणी जीएसके-३ नावाचे विकर (एन्झाइम) त्याच्यावर खूण करते आणि खूण झालेले प्रथिन पेशी नष्ट करून टाकते. पाठीच्या बाजूला सरकून आलेले घटक ही नासधूस थांबवतात. म्हणजे पाठीची पहिली खूणसुद्धा नवे काही निर्माण करून उमटत नाही. जे सर्वत्र नष्ट होत आहे, ते एका जागी नष्ट होऊ न दिल्याने ती उमटते. लिथियमचे क्षार जीएसके-३ ला रोखतात, आणि म्हणूनच लहान गर्भ लिथियमच्या द्रावणात ठेवला तर त्याच्या सगळ्याच बाजू पाठीसारख्या वागू लागतात. येथे आणखी एक बारकावा आहे. या टप्प्यावर गर्भाची स्वतःची जनुके जवळपास बंद असतात, आणि सुमारे बारा विभाजने होऊन चार हजारांच्या आसपास पेशी झाल्यावरच ती मोठ्या प्रमाणावर कामाला लागतात. तोवर जे चालते ते आईने अंड्यात भरून ठेवलेल्या प्रथिनांवर आणि संदेशवाहक आरएनएवर, म्हणजे प्रथिने बनवण्यासाठी जनुकांवरून उतरवलेल्या प्रतींवर. बीटा-कॅटेनिनचा हा मातृदत्त आरएनए काढून टाकला, तर गर्भाला पाठ येत नाही.

जनुके जागी झाल्यावर पाठीच्या बाजूला पेशींचा एक छोटा समूह तयार होतो, आणि या विषयाचा सगळा इतिहास त्या समूहाभोवती फिरतो. फ्रायबुर्ग येथे हान्स श्पेमान यांच्या प्रयोगशाळेत हिल्डे प्रोशोल्ट ही तरुण संशोधिका न्यूट या उभयचर प्राण्याच्या गर्भांवर प्रयोग करीत होती. विवाहानंतर तिचे आडनाव मांगोल्ड झाले. तिने फिकट रंगाच्या जातीच्या गर्भातून, पेशी जेथून आत वळू लागतात त्या छिद्राच्या वरच्या ओठाचा तुकडा काढला आणि गडद रंगाच्या जातीच्या गर्भात पोटाच्या बाजूला बसवला. पोटाकडच्या त्या जागी दुसरा गर्भ वाढू लागला, पहिल्या गर्भाला चिकटलेला, स्वतःची पृष्ठरज्जू आणि चेतानलिका (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी) असलेला. रंगांतला फरक येथे निर्णायक ठरला. दुसऱ्या गर्भाची पृष्ठरज्जू मुख्यतः फिकट पेशींची, म्हणजे रोपण केलेल्या तुकड्याची होती, तर चेतानलिका बव्हंशी गडद पेशींची होती. एरवी पोटाची त्वचा झाल्या असत्या त्या यजमान पेशी शेजारच्या तुकड्याच्या प्रभावाने चेतासंस्था बनल्या होत्या. श्पेमान यांनी त्या तुकड्याला ‘संघटक’ म्हटले. हे संशोधन १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी हिल्डे मांगोल्ड यांचा घरातील शेगडीच्या स्फोटात भाजून मृत्यू झाला. त्यांचे वय तेव्हा अवघे २५ होते. श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर जे झाले ते मला विज्ञानाच्या इतिहासातल्या सर्वांत बोधक फसगतींपैकी एक वाटते. संघटक ज्या पदार्थाच्या साहाय्याने शेजारच्या पेशींना ‘चेतासंस्था हो’ असे सांगतो, तो पदार्थ शोधण्याच्या मागे अनेक प्रयोगशाळा लागल्या. १९३२ मध्ये असे दिसले की, मारून टाकलेला संघटकही चेतासंस्था उत्पन्न करू शकतो. मग इतर प्राण्यांच्या ऊती लावून पाहिल्या, त्यांनीही ते साधले. शेवटी मेथिलीन ब्लू हा निव्वळ रंगद्रव्याचा प्रकारसुद्धा न्यूटच्या बाह्यस्तराला, म्हणजे गर्भाच्या सर्वांत बाहेरच्या थराला, चेतापेशींकडे वळवू शकतो, असे आढळले. ज्या कुलपाला वाटेल ती किल्ली लागते, त्या कुलपाची खरी किल्ली शोधायची कशी, अशी ही अडचण होती आणि हा विषय त्यानंतर कित्येक दशके जवळजवळ रुतून बसला.

उलगडा होण्याची चिन्हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिसू लागली. झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या गर्भाच्या बाह्यस्तरातील पेशी एकमेकींपासून सुट्या करून काही तास तशाच ठेवल्या, तर त्या संघटकाच्या कोणत्याही संपर्काविना चेतापेशी बनतात, असे प्रयोगांत दिसले. एकत्र असताना त्याच पेशी त्वचा बनतात. याचा अर्थ असा की, चेतापेशी होण्याकडे त्यांचा स्वतःचाच कल असतो आणि त्या परस्परांना सतत काहीतरी सांगून त्यापासून रोखत असतात. हे सांगणारे प्रथिन म्हणजे बीएमपी-४. हाडांच्या वाढीच्या अभ्यासात सापडलेल्या प्रथिनांच्या कुटुंबातले ते एक आहे, आणि गर्भात ते पेशींना ‘पोटाकडची हो, त्वचा हो’ असा निरोप देते.

याच सुमारास संघटकात कार्यरत असलेली जनुके एकेक करून हाती येऊ लागली. रिचर्ड हारलंड यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये नॉगिन शोधले. त्यासाठी त्यांनी अतिनील किरणांनी पाठ हरवलेल्या गर्भांत निरनिराळ्या आरएनएंचे मिश्रण सोडून, कोणत्या मिश्रणाने पाठ परत येते हे पाहिले. आणि मात्रा जास्त झाली की गर्भाचे डोके अवाजवी मोठे होते, म्हणून जनुकाला डोक्यासाठीचा इंग्रजी बोलीतला शब्द नाव म्हणून दिला. एडी डी रॉबर्टिस यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये कॉर्डिन शोधले. ही दोन्ही प्रथिने पेशीबाहेर सोडली जातात, त्यामुळे ती चेतासंस्था घडवणारा बहुप्रतीक्षित निरोप असणार अशी अपेक्षा होती. १९९६ मध्ये स्पष्ट झाले ते वेगळेच. ही प्रथिने शेजारच्या पेशींना काहीच सांगत नाहीत. ती बीएमपीला बाहेरच्या बाहेर घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ते आपल्या ग्राहीपर्यंत, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनापर्यंत, पोहोचतच नाही. साठ वर्षे ज्याला आज्ञा समजून शोधले गेले, ती मनाई होती, आणि तीही मनाई करणाऱ्यालाच केलेली. पोट व्हायला सांगणारा निरोप जेथे अडवला जातो तेथे पाठ उरते. मेथिलीन ब्लूचे कोडेही या प्रकाशात तितकेसे विचित्र वाटत नाही. पेशींचा कल आधीच त्या दिशेला असेल, तर त्यांना ढकलायला फारसे काही लागत नाही.

हे चित्र इतके सुबक आहे की, त्याच्याकडे संशयाने पाहणे भाग पडते. कोंबडीच्या गर्भात केवळ बीएमपी अडवून चेतासंस्था तयार होत नाही. त्याआधी एफजीएफ नावाच्या संकेताची गरज लागते, आणि तो संकेत गॅस्ट्रुलेशन, म्हणजे पेशी आत वळून गर्भाचे थर बनण्याची क्रिया, सुरू होण्यापूर्वीच कामाला लागलेला असतो, असे २००० मध्ये दाखवले गेले. बेडकातही एफजीएफचा वाटा आहे. तेव्हा मनाई ही या गोष्टीतली मुख्य तार आहे, एकमेव नव्हे, एवढेच म्हणणे मला योग्य वाटते.

कॉर्डिन आणि बीएमपी यांच्या या झटापटीतला सर्वांत देखणा भाग मात्र वेगळाच आहे. गर्भाचा पाठीकडचा अर्धा भाग कापून वेगळा केला, तर त्यातून आकाराने लहान, पण प्रमाणबद्ध असा गर्भ तयार होऊ शकतो. पोट बनवणारा भाग कापून टाकलेला असताना पोट येते कोठून? याचे उत्तर अ‍ॅडम्प या प्रथिनात दडलेले आहे. ते बीएमपीच्या कुटुंबातले, म्हणजे पोटाच्या बाजूचा निरोप देणारे. पण त्याचे जनुक चालते ते संघटकात, अगदी पाठीच्या मध्यावर. शिवाय ते बीएमपीच्या संकेताने दबलेले असते. पोटाकडचा भाग गेला की बीएमपी कमी होते, ते कमी झाले की अ‍ॅडम्पवरचा दाब सुटतो, आणि कॉर्डिन त्याला धरून दूर वाहून नेते. तेथे कॉर्डिनचे तुकडे करणारे विकर असते, त्यामुळे अ‍ॅडम्प मोकळे होते आणि त्या दूरच्या टोकाला पुन्हा ‘पोट हो’ असा निरोप देऊ लागते. २००५ मध्ये ब्रुनो रेव्हर्सेड आणि डी रॉबर्टिस यांनी बीएमपी-२, बीएमपी-४, बीएमपी-७ आणि अ‍ॅडम्प ही चारही प्रथिने एकदम काढून टाकली, तेव्हा गर्भाचा अख्खा बाह्यस्तर मेंदूच्या ऊतीत बदलला. पाठीच्या गाभ्यात पोटाचे बीज राखून ठेवलेले असते आणि त्याला दाबून ठेवणारे पोटच असते, ही रचना कोणा अभियंत्याने सुचवली असती, तर मी ती अनावश्यक गुंतागुंतीची म्हणून बाजूला सारली असती.

कीटकांमध्ये हीच जोडी उलटी लागते. फळमाशीत सॉग हे कॉर्डिनचे भावंड पोटाच्या बाजूला असते, बीएमपीचे भावंड पाठीला असते, आणि माशीची चेतारज्जू पोटाच्या बाजूने जाते. माशीच्या सॉगचा आरएनए बेडकाच्या गर्भात सोडला, तर तो तेथेही पाठच घडवतो. एत्येन जॉफ्रुआ सँ-हिलेअर यांनी १८२२ मध्ये शेवंड उताणे ठेवून त्याची अंतर्रचना पृष्ठवंशी प्राण्यांसारखी दिसते असे म्हटले होते, ते बराच काळ कल्पनाविलास म्हणून सोडून दिले गेले होते. ते १९९० च्या दशकात पुन्हा गांभीर्याने घ्यावे लागले.

डोके आणि शेपूट यांचा अक्षही मनाईनेच सुरू होतो, पण तेथे डब्ल्यूएनटी नावाचा आणखी एक संकेत येतो. हा संकेत बीटा-कॅटेनिनमार्फतच काम करतो. क्रिस्टोफ नीर्स यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवले की, बेडकाच्या गर्भात बीएमपी एकटे अडवले तर धडापुरता दुसरा अक्ष येतो, आणि बीएमपी व डब्ल्यूएनटी दोन्ही अडवले तर त्याला डोके फुटते. पुढच्याच वर्षी त्यांना डब्ल्यूएनटी अडवणारे डिककॉफ हे प्रथिन सापडले. जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘जाडे डोके’, म्हणजेच हट्टी माणूस, असा होतो. हे जनुक नसलेल्या उंदरांच्या गर्भाला डोक्याचा पुढचा भाग येत नाही. येथे वेळेचे महत्त्व फार आहे. डब्ल्यूएनटीचा आरएनए अगदी सुरुवातीला पोटाच्या बाजूला सोडला, तर दुसरे डोके असलेला गर्भ मिळतो. तोच संकेत गर्भाची स्वतःची जनुके जागी झाल्यानंतर चालू केला, तर असलेले डोकेही जाते. एकाच शब्दाचा अर्थ काही तासांच्या फरकाने नेमका उलट होतो, म्हणून ‘हे जनुक अमुक अवयवाचे’ असे म्हणणे येथे निरर्थक ठरते. उंदरात तर डोक्याची जागा राखण्याचे काम पुढे कधी शरीराचा भागही न होणाऱ्या एका बाहेरच्या थरातील पेशी करतात. त्या आपल्याभोवती डब्ल्यूएनटी आणि नोडल या संकेतांना अडवणारी प्रथिने सोडून तेवढा कोपरा मोकळा ठेवतात.

धडाच्या लांबीवर कोणता मणका कोठे, हे ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांवर इतके लिहिले गेले आहे की, मी त्यांच्याजवळ फार थांबत नाही. मानवात आणि उंदरात ती ३९ असून चार समूहांत मांडलेली आहेत, आणि गुणसूत्रावरचा त्यांचा क्रम शरीरावरच्या त्यांच्या क्रमाशी जुळतो. फक्त एक उदाहरण माझ्या मुद्द्याचे आहे. डेनीन वेलिक आणि मारिओ कापेकी यांनी २००३ मध्ये उंदरातील हॉक्स-१० गटाची तिन्ही जनुके एकदम निकामी केली, तेव्हा कमरेच्या मणक्यांना बरगड्या फुटल्या. म्हणजे बरगडी येणे ही मणक्याची मूळ वृत्ती, आणि कमरेत बरगड्या नसतात त्या हॉक्स-१० ने त्यांना मनाई केल्यामुळे.

डावे-उजवे हा अक्ष सर्वांत शेवटी ठरतो आणि तो ठरवणे तर्काच्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. पाठ आणि डोके निश्चित झाल्यावर उरलेली दोन अंगे परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असतात; डावे हे डावेच का, याला त्या दोन अक्षांत काहीच आधार नसतो. उंदराच्या गर्भाने यावर काढलेला मार्ग अक्षरशः यांत्रिक आहे. गर्भाच्या मध्यरेषेवर नोड नावाचा एक लहानसा खळगा असतो, त्यातील दोन-तीनशे पेशींवर प्रत्येकी एक पक्ष्माभिका, म्हणजे केसासारखा सूक्ष्म तंतू, असते आणि ती मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्या अशा वेगाने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. पक्ष्माभिका शेपटाकडे झुकलेल्या असल्यामुळे त्यांच्या फिरण्याने खळग्यातला द्रव डावीकडे वाहू लागतो. पक्ष्माभिका एकाच दिशेने फिरतात, कारण त्यांना फिरवणारे डायनीन हे प्रथिन स्वतःच एका बाजूचे वळण असलेले, आपल्या आरशातील प्रतिबिंबाशी न जुळणारे असते. रेणूचा डावे-उजवेपणा अशा रीतीने देहाचा डावे-उजवेपणा होतो. टोकियोतील नोबुताका हिरोकावा यांच्या गटाने हा प्रवाह १९९८ मध्ये दाखवला, आणि २००२ मध्ये ओसाका येथील हिरोशी हमादा यांच्या गटाने बाहेरून कृत्रिम उलटा प्रवाह देऊन गर्भाच्या बाजू उलट्या करून दाखवल्या. नंतर तर असेही दिसले की, दोन पक्ष्माभिका फिरत असल्या तरी काम भागते.

या प्रवाहाने नेमके काय होते, हे कळल्यावर मला मनापासून हसू आले, कारण तेथेही तीच युक्ती होती. शरीराचा डावेपणा नोडल या जनुकाने ठरतो, ते डाव्या अंगाच्या मध्यस्तरात, म्हणजे गर्भाच्या मधल्या थरात, चालू होते आणि पुढे पिटएक्स-२ या जनुकामार्फत हृदय, फुप्फुसे, आतडी यांना दिशा देते. पण नोडलला अडवणारे सर्ल-२ हे प्रथिन नोडच्या दोन्ही कडांना तयार असते, आणि डावीकडे वाहणारा प्रवाह डाव्या कडेवरील सर्ल-२ चा आरएनए नष्ट करवतो. डावीकडची मनाई उठते, उजवीकडची राहते. नोडल एकदा चालू झाले की स्वतःलाच वाढवत जाते, म्हणून ते उजव्या अंगात शिरू नये यासाठी मध्यरेषेवर लेफ्टी हे आणखी एक रोखणारे प्रथिन पहाऱ्याला असते. आणि ते लेफ्टीही नोडलच चालू करते.

यातले काही बिघडले तर काय होते, हे प्रयोगशाळेबाहेर फार पूर्वीच दिसले होते. मानेस कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये असे रुग्ण नोंदवले, ज्यांना श्वसनमार्गाचा जुनाट आजार होता आणि ज्यांचे अवयव उलट्या बाजूंना होते. या दोन गोष्टींचा संबंध १९७६ मध्ये ब्योर्न आफ्झेलियस यांनी जोडला: अशा व्यक्तींच्या पक्ष्माभिकांत डायनीनचे हात नसतात, त्यामुळे श्वासनलिकेतील कफ वर ढकलला जात नाही. आणि अशा व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांचेच अवयव उलटे असतात. पक्ष्माभिका फिरत नसल्या की गर्भ चुकीची बाजू निवडत नाही; तो नाणेफेक करतो. मला हा ‘निम्मे’ आकडा साऱ्या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. बाजू घडवण्याची यंत्रणा शाबूत असते, फक्त कोणती बाजू हे सांगणारा हलकासा धक्का तेवढा गेलेला असतो. सर्वच पृष्ठवंशी प्राणी मात्र हाच मार्ग वापरत नाहीत. कोंबडी आणि डुक्कर यांच्या गर्भात असा प्रवाह नसतो. कोंबडीत नोडभोवतीच्या पेशीच डावीकडे सरकतात आणि त्यातून असमानता येते. पुढचा नोडल आणि पिटएक्स-२ यांचा भाग मात्र तसाच राहतो.

मानवी गर्भात हे सगळे कितपत असेच घडते, हे प्रत्यक्ष पाहणे कठीण आहे, कारण अक्षाची पहिली रेषा चौदाव्या-पंधराव्या दिवसाच्या सुमारास उमटते आणि प्रयोगशाळेत मानवी गर्भ चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये, असा संकेत बराच काळ पाळला गेला आहे. अली ब्रिवानलू आणि एरिक सिग्गिया यांच्या गटाने २०१८ मध्ये त्यातून एक वाट काढली. त्यांनी मानवी मूलपेशींच्या वर्तुळाकार वसाहतींना डब्ल्यूएनटी आणि अ‍ॅक्टिव्हिन हे संकेत देऊन त्यांच्यात संघटकासारख्या पेशी तयार केल्या आणि त्या कोंबडीच्या गर्भाच्या कडेला बसवल्या. तेथे दुसरा अक्ष वाढू लागला. फिकट आणि गडद न्यूटच्या जागी या वेळी मानवी पेशी ओळखणारी रंगखूण होती, आणि तिच्यातून दिसले ते हिल्डे मांगोल्ड यांना दिसले होते तेच: नव्या अक्षात मानवी पेशी होत्या, आणि त्यांच्या शेजारची चेतासंस्था कोंबडीच्या पेशींची होती.